सुधाकरचा दोष दारू नव्हे

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर तुला लगेच कळेल. चाळीसगावला कॉलेजच्या कार्यक्रमात तू 'एकच प्याला'मधला सुधाकर करतोयस, दोनच प्रवेश. नाटक बसवणाऱ्या सरांनी सांगितलं की शोकांत नायकात एक दोष असतो, त्या दोषापायी तो रसातळाला जातो, सुधाकरचा दोष दारू, म्हणून ती पहिल्या प्रवेशापासून अंगात दिसली पाहिजे. तुला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये. शिवाय तू विचारलंयस की माणूस खरोखर दोषामुळे पडतो की नशिबामुळे, आणि नशिबामुळेच पडत असेल तर नटाने करायचं काय.

जळगाव-धुळ्याच्या हौशी रंगभूमीवर मी पस्तीस वर्षं काढली. राज्य नाट्य स्पर्धेत बक्षिसं कमी मिळाली आणि पडलो पुष्कळदा, त्यामुळे पडण्याच्या विषयावर बोलायचा थोडा हक्क माझ्याकडे आहे असं समज.

सरांचं अर्धं बरोबर आहे. दोष असतोच. पण संहिता उघडून नीट बघ. नाटक सुरू होतं तेव्हा सुधाकर दारूला शिवलेलाही नाही. बुद्धीच्या जोरावर नाव कमावलेला वकील, सिंधूसारखी बायको, रामलालसारखा मित्र. मग कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, त्याची जुंपते आणि काही काळासाठी वकिलीची सनद जाते. दुसरा एखादा वकील घरी येऊन चार शिव्या घालेल, आठ दिवस सासुरवाडीला जाऊन येईल, मुदत संपली की पुन्हा काळा कोट चढवेल. सुधाकरला हे जमत नाही. भर कोर्टात आपला पाणउतारा झाला हे त्याला गिळता येत नाही, आणि दारुड्या तळीराम नेमक्या त्या घटकेला पेला पुढे करतो. विसरण्यासाठी, फक्त एकच.

आता पुढचं बघ, कारण खरा पुरावा तिथे आहे. सुधाकर मध्ये दारू सोडतो. मनापासून सोडतो. नोकरी शोधायला चार प्रतिष्ठितांच्या दारात जातो, तिथे त्याची हेटाळणी होते, आणि तो परत पेल्याकडे वळतो. म्हणजे पहिल्या पेल्याच्या आधी अपमान आणि शेवटच्या पेल्याच्या आधीही अपमान. गडकऱ्यांनी दोन्ही वेळा तोच दरवाजा ठेवलाय. दारू त्या दरवाजातून आत आलेली पाहुणी आहे, दरवाजा सुधाकरचा स्वतःचा आहे. त्याचं नाव मानीपणा. आणि गंमत अशी की ह्याच मानीपणावर तो वकील झाला. कुणापुढे वाकायचं नाही, कुणाचं मिंधं व्हायचं नाही, ही ज्या पोराची जिद्द असते तोच पोरगा पुढे जातो. ज्या खांबावर घर उभं, तोच खांब पुढे घरावर कोसळतो. सुधाकर पहिल्या प्रवेशापासून झिंगलेला दाखवलास तर हा खांब कुणाला दिसणारच नाही. दिसेल फक्त एक बेवडा, आणि बेवडे काय प्रत्येक बसस्टँडवर आहेत.

एक तालमीतला प्रसंग सांगतो. जळगावला एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या तालमी चालायच्या. मे महिना, पंख्याचा वारा म्हणजे भट्टीचा झोत. सुधाकर करणारा माणूस जिनिंगमध्ये हिशेब लिहायचा, नट चांगला, पण पहिल्या पेल्याला रोज तीच चूक. हात थरथरवायचा, तोंड वाकडं करायचा, पेला लावताना डोळे मिटायचा, जणू एरंडेल घेतोय. पाच-सहा दिवस मी गप्प बसलो. सातव्या दिवशी चहाच्या वेळी त्याला विचारलं, 'भाऊ, चारचौघांत तुझा अपमान कधी झालाय का?' तो बराच वेळ बशी फिरवत राहिला. मग म्हणाला, लहानपणी एका लग्नात पंगतीतून उठवलं होतं. पान वाढलं गेलं होतं, वरण पडलं होतं, आणि कुणीतरी येऊन म्हणालं की ही पंगत वेगळ्या लोकांची आहे. मी विचारलं, 'मग काय केलंस? रडलास?' 'नाही,' म्हणाला, 'घरी आलो, लग्नातला सदरा काढला आणि घडी घातली. इतकी नीट घडी आयुष्यात पुन्हा घातली नाही.'

त्या दिवशी तालमीत तळीराम पेला भरत असताना ह्या माणसाने कोटाची बाही सरळ केली. मग दुसरी. मग बाहीवरची नसलेली धूळ बोटाने झटकली. पेला पुढे आला तेव्हा त्याने तो बक्षीस समारंभात प्रमाणपत्र घेतात तसा घेतला, ताठ मानेने. थरथर नाही, तोंड वाकडं नाही. प्रॉम्प्टिंग करणारी पोरगी पुढचं वाक्य सांगायला विसरली. मला वाटतं त्या बाहीत अख्खं नाटक होतं.

थोडं शास्त्राचं बोलू, थोडंच. 'दोष' हा शब्द ज्या विवेचनातून आपल्याकडे आला तो ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातला 'हॅमार्टिया'. त्याच्या मुळाशी नेम चुकणे असा अर्थ आहे, बाण निशाण्याला न लागणे. पुढे पाठ्यपुस्तकांनी त्याचा 'स्वभावदोष' केला, आणि मग परीक्षेला उत्तरं ठरून गेली: मॅकबेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लो म्हणजे मत्सर, हॅम्लेट म्हणजे चालढकल, पाच गुण. मला नेम चुकण्याचा अर्थ जास्त कामाचा वाटतो. आपल्याकडे ज्वारी निसवली की मचाणावर उभं राहून गोफण फिरवतात. ज्याच्या दंडात जोर त्याचा दगड लांब जातो. सोडायचा क्षण चुकला तर तोच दगड शेजारच्या बांधावरल्या माणसाला लागतो, आणि जितका जोर जास्त तितकी इजा जास्त. लेच्यापेच्या माणसाचा दगड पायाशीच पडतो, त्याच्यावर कुणी नाटक लिहीत नाही.

त्याच ॲरिस्टॉटलने हेही सांगून ठेवलंय की नायक अगदी सज्जनही नको आणि अगदी दुष्टही नको. सज्जन पडला तर आपल्याला चीड येते, दुष्ट पडला तर आपण टाळ्या वाजवतो. मात्र लेखक कसलेला असेल तर दुष्टासाठीही रडवतो. भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन मांड्या फुटून पडलाय आणि त्याचा लहानगा दुर्जय नेहमीसारखा मांडीवर बसायला येतो. बापाला 'ये' म्हणता येत नाही. संस्कृत नाटकाला दुःखान्त चालत नाही म्हणतात, त्यात हे असं एक बसलंय.

पण तुला पुस्तकापेक्षा जवळचं उदाहरण देतो, कारण मी शोकांतिका पहिल्यांदा पाहिली ती नाट्यगृहात नाही, मामाच्या ओट्यासमोर.

बोरी नदीकाठचं गाव. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. तुला सांगायला नको, आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घागर पुजतात, आमरस-पुरणपोळी होते, आणि पुरुष पत्ते कुटतात. एरवी जुगाराला नाव ठेवणारी म्हातारी माणसंही त्या दोन-तीन दिवसांत काणाडोळा करतात. आमचे मामा एरवी पत्त्याला हात न लावणारे. गावात त्यांची ओळख एकच, शब्दाला पक्का माणूस. बैलजोडीचा सौदा त्यांनी तोंडी केला तरी समोरचा चिठ्ठी मागायचा नाही. त्या रात्री त्यांना कुणीतरी बसवलं, झन्नामन्ना सुरू होता. मामा म्हणाले, बसतो, पहाटेपर्यंत बसतो. मध्यरात्रीपर्यंत ते जिंकत होते, हे लक्षात ठेव. मग पान फिरलं.

मी सात-आठ वर्षांचा, घराच्या धाब्यावर, छतावर झोपलेलो, खालच्या गॅसबत्तीच्या आवाजाने जागा झालो. वरून डोकावलं तर मामी पाण्याचा गडू घेऊन उभी. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, 'आते ऊठा, बस व्हयनं.' मामांनी गडू घेतला, पाणी प्यायले, मिशा पुसल्या, गडू परत दिला आणि अगदी हळू, समजूत घालावी तसं म्हणाले, 'सबद देयेल शे मी.' मामी गडू घेऊन आत गेली. बियाण्याचे पैसे गेले, जोडी गेली, पुढे मामीच्या पाटल्या गेल्या. हरलेली रक्कम मामांनी ठरलेल्या दिवसांत फेडली, एक पैसा बुडवला नाही. गाव म्हणालं, बघा, शब्दाचा माणूस! आखाजीलाच सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल बदलतं. मामांच्या सालदाराने त्या सकाळी नव्या सालाचं बोलायचं म्हणून धुतलेला सदरा घातला होता. गोठा बघितला आणि न बोलता दुसऱ्या घराकडे गेला.

सांग, मामांचा दोष कोणता? जुगार? वर्षातून एक रात्र, तीही रिवाजाची. लोभ? लोभी माणूस जिंकत असताना उठून गेला असता. ज्या गुणासाठी गाव त्यांना मान देत होतं त्यानेच त्यांना त्या डावात बसवून ठेवलं. आणि ते तसं करताना त्यांना आपण चुकतोय असं वाटतच नव्हतं. आपण शोभेसं वागतोय असंच वाटत होतं. नटाला लागतं ते हे. नायक आपला दोष दोष म्हणून जगत नाही. तो त्याला आपला सर्वांत चांगला गुण समजत असतो.

पुढे कॉलेजात सभापर्व वाचलं तेव्हा मला धर्मराज अनोळखी वाटला नाही. आव्हान आलं की मागे फिरायचं नाही हे त्याचं व्रत. पहिल्या द्यूताबद्दल त्याला माफ करता येईल, समोर शकुनी होता, डाव रचलेला होता. पण द्रौपदीने धृतराष्ट्राकडून नवऱ्यांना सोडवल्यावर, त्याने राज्यही परत दिल्यावर, पांडव घरच्या वाटेला लागल्यावर, पुन्हा बोलावणं येतं आणि तो पुन्हा जाऊन बसतो. बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास पदरात पडतो तो ह्या दुसऱ्या डावात. पहिला डाव शकुनीने जिंकला असेल, दुसरा धर्मराजाच्या स्वभावाने हरवला. मी महाभारताचं नाटक बसवायला घेतलं असतं तर पहिलं द्यूत विंगेत उरकलं असतं आणि सगळा प्रकाश परत फिरणाऱ्या रथावर टाकला असता.

आता कामाची गोष्ट. नव्या संहितेत नायकाचा दोष शोधायला मी बसत नाही, कारण शोधला की एका शब्दात सापडतो आणि एका शब्दाचा अभिनय करता येत नाही. 'मत्सर कर' म्हटलं की नट भुवया चढवतो, झालं. मी शोधतो ती 'थांब' म्हणणारी माणसं. चांगल्या शोकांतिकेत ती असतातच, एक-दोन तरी. लाल पेन्सिल घे आणि नायकाला कुणी 'पुरे', 'उठ', 'नको' म्हणतं त्या वाक्यांखाली रेघ मार. मग बघ, त्या वाक्याचं नायक काय करतो. हसण्यावारी नेतो? चिडतो? पाणी पिऊन गडू परत देतो? तिथे तुझी भूमिका आहे.

ईडिपसचं बघ. थीब्जमध्ये साथ आलीय, जुन्या राजाचा खुनी सापडला तर ती टळेल, आणि खुनी शोधायची शपथ ईडिपसने स्वतः घेतलीय. त्याला अडवणारे किती! आंधळा द्रष्टा टायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ दे, कळून तुझा फायदा नाही. त्याची राणी योकास्टा, तिच्या ते त्याच्या आधी लक्षात येतं, ती विनवते, आता विचारू नकोस. म्हातारा धनगर तोंड उघडायला तयार नाही. आणि हा एकेकाला दटावत पुढे जातो. का? कारण ह्याच माणसाने कधीकाळी स्फिंक्सचं कोडं सोडवून शहर वाचवलं होतं. न सुटलेलं कोडं त्याला बघवत नाही. तिठ्यावर रागाच्या भरात त्याने एका म्हाताऱ्याला, म्हणजे त्याच जुन्या राजाला, न ओळखता मारलं ते नाटकाच्या कितीतरी आधी घडून गेलंय. रंगमंचावर आपल्या डोळ्यांदेखत जे घडतं ते हे विचारत सुटणं. राजा म्हणून त्याची शहाणपणाची ख्याती ज्या खोदून विचारण्यावर, त्यानेच तो स्वतःपर्यंत येऊन पोचतो.

कर्णाला तर साक्षात सूर्य स्वप्नात येऊन सांगतो की ब्राह्मणाच्या वेशात इंद्र येणार आहे, कवचकुंडलं देऊ नकोस. म्हणजे फसवणूकही उरली नाही. सगळं माहीत असून तो देतो, कारण 'मागितलं आणि कर्णाने नाही म्हटलं' असं जगाने म्हणावं हे त्याला मरणापेक्षा वाईट वाटतं. सूतपुत्र म्हणून आयुष्यभर हिणवलेल्या माणसाला कीर्ती किती लागते ते त्या एका न दिलेल्या नकारात आहे.

मॅकबेथमध्ये जरा वेगळं आहे, तिथे 'थांब' म्हणणारा तो स्वतः आहे. राजा डंकनचा खून करायचा नाही असं ठरवून तो बायकोला सांगतो, हा विषय इथेच संपला. बाई त्याला काय म्हणते? लोभ दाखवत नाही, मुकुटाचं वर्णन करत नाही. ती त्याच्या मर्दानगीवर बोट ठेवते. रणात माणसं उभी चिरणारा सरदार, त्याला भित्रा म्हटलं की संपलं. पाठ्यपुस्तकातली महत्त्वाकांक्षा आहेच, पण खंजीर उचलायला लावणारी गोष्ट त्याचं शौर्य आहे. मॅकबेथ बसवताना माझी बाई नेहमी हळू बोलायची. ओरडणारी लेडी मॅकबेथ मला पटत नाही, पण तो माझा हेका झाला.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ह्याच नाटकात मिळतं. नशीब की स्वभाव? भविष्य सांगणाऱ्या चेटकिणी दोघांना भेटतात. मॅकबेथलाही आणि त्याच्या सोबतच्या सरदार बँकोलाही, एकाच माळावर, एकाच वेळी. बँकोला तर त्या सांगतात की तुझे वंशज राजे होतील, काही कमी आमिष नाही. बँको ऐकून सावध होतो, म्हणतो की अशा गोष्टी बारीकसारीक सत्यं सांगून मोठ्या बाबतीत घात करतात. नशिबाने दोघांच्या दारावर सारखीच थाप मारली. एकाने कडी काढली. आता तू म्हणशील बँकोही मेलाच की. मेला, पण मित्राने, मॅकबेथनेच, मारला म्हणून मेला. त्याचं मरण दुःखद आहे, त्याच्यावर नाटकाचं नाव पडलं नाही.

हा फरक आपल्या भागातल्या एका घटनेने जास्त स्पष्ट होईल. धरणगावला जन्मलेले बालकवी १९१८ साली, अठ्ठाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. मी त्या मार्गाने भुसावळला जाताना अजूनही भादली आलं की खिडकीतून बाहेर बघतो. पण ते दुःख आहे. त्यात कुणी 'थांब' म्हटलं नाही, कुणी ऐकलं नाही असं काही नाही. रंगमंचावरच्या शोकांतिकेला निवड लागते. नशीब प्रसंग आणून उभा करतं, मुन्सफ आणतं, चेटकीण आणतं, आखाजीची रात्र आणतं. पुढचं पाऊल माणूस त्याच्या घडणीप्रमाणे टाकतो. नटाने नशिबाचं ओझं घेऊन आत येऊ नये. तो लेखकाचा प्रश्न आहे. तुझ्याकडे फक्त ते पाऊल आहे.

एक गंमत करून बघ, आम्ही तालमीत करायचो. नायकांची अदलाबदल. 'नटसम्राट'मधल्या गणपतराव बेलवलकरांना सुधाकरच्या जागी कोर्टात उभं कर. मुन्सफाने झापलं तर हा माणूस तिथेच एक भाषण ठोकेल, घरी येऊन बायकोसमोर, कावेरीसमोर, मुन्सफाची नक्कल करेल, हसून हसून पोट दुखेल आणि विषय संपेल. त्याला टाळी मिळाली की अपमान पचतो. आता सुधाकरला बेलवलकरांच्या जागी ठेव. सगळी मिळकत मुलांमध्ये वाटून टाकायची? शक्यच नाही. जो दुसऱ्याचं मिंधं व्हायला तयार नाही तो पोटच्या पोरांवरही अवलंबून राहणार नाही. म्हणजे दोघंही दुसऱ्याच्या नाटकात सुखाने नांदले असते. दोष आणि प्रसंग यांचं कुलूप-किल्लीसारखं जमावं लागतं. बेलवलकरांच्या बाबतीत 'थांब' कोण म्हणतं ते तुला ठाऊक असेलच, कावेरी, समोरचं ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये हा तिचा सल्ला. आणि ते काय करतात? आयुष्यभर प्रेक्षकांना सगळं देऊन टाकण्याची सवय झालेला नट घरातही शेवटचा अंक जोरदार करायला जातो. १९७० साली डॉ. लागूंनी पहिल्यांदा उभे केले तेव्हापासून कितीजणांनी बेलवलकर केले, त्यातले बरेच पहिल्या प्रवेशापासूनच केविलवाणे असतात. देताना तो माणूस आनंदात असला पाहिजे. त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा प्रवेश आहे.

इथे एक सावधगिरीचं बोलतो, जरा विषय सोडून. ही दोषाची मोजपट्टी नाट्यगृहाबाहेर नेऊ नकोस. आपल्याकडे कापसाचा भाव पडतो, केळीवर वादळ येतं, कर्ज थकतं, आणि एखादा शेतकरी विहीर जवळ करतो. मग पारावर बसलेली माणसं लगेच निदान करतात: फार मानी होता, खर्चिक होता, कुणाचं ऐकत नव्हता. मी असं बोलणाऱ्यांत नाटकवालेही पाहिलेत. नाटकात लेखक मोजून मापून प्रसंग मांडतो म्हणून आपल्याला निवड दिसते. तिथे त्या माणसाला निवड किती उरली होती हे पारावरून दिसत नाही.

आणि आणखी एक, जे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. दोष नायकाचा असतो, भरपाई बहुतेकदा दुसरं कुणी करतं. सुधाकरच्या मानापायी सिंधू दळण दळते, मूल जातं, शेवटी तीही जाते. धर्मराजाच्या व्रतापायी द्रौपदीला केसांना धरून सभेत आणलं जातं. मामांच्या शब्दाची किंमत पाटल्यांनी आणि सालदाराने दिली. नाटक आपल्याला नायकाकडे बघायला लावतं, म्हणून दिग्दर्शकाने एक नजर गडू घेऊन आत जाणाऱ्या बाईवर ठेवावी. तुझ्या सिंधूला सांग, फक्त सोसू नकोस. ती मुसमुसत राहिली तर सुधाकरला कुणी अडवलं होतं हेच प्रेक्षक विसरतात. तिचं प्रत्येक वाक्य हे एक 'थांब' आहे, आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं पाहिजे की ह्या वेळी तो थांबेल. आशा तिने करायची. तू फक्त तिचं ऐकून घे, खरंच ऐक, आणि मग तुला जे शोभेसं वाटतं ते कर.

सरांशी भांडू नकोस. त्यांना म्हण, पहिला प्रवेश शुद्धीवर करून दाखवतो, नाही आवडला तर तुमच्या पद्धतीने करू. कोट इस्त्रीचा घाल, जुना असला तरी चालेल. चालताना मान जरा जास्तच सरळ ठेव, पण ती सुधाकरची रोजची चाल आहे असं वाटू दे, प्रसंगापुरती नको. मुन्सफाचा किस्सा सांगताना आवाज चढवायचा मोह होईल, चढवू नकोस. मानी माणूस अपमान सांगताना हळू बोलतो, शब्द मोजतो, कारण पुन्हा उच्चारताना तो पुन्हा होत असतो. पेल्यात तालमीपासून काहीतरी असू दे, काळा चहा घाल, रिकामा पेला तोंडाला लावला की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं. आणि तळीराम करणाऱ्याला सांग, डोळे मिचकावू नकोस, खलनायक होऊ नकोस. त्या संध्याकाळी सुधाकरशी प्रेमाने बोलणारा घरात तो एकटाच आहे.

कार्यक्रमाची तारीख कळव. पॅसेंजर वेळेवर असली तर संध्याकाळपर्यंत पोचेन, मागच्या रांगेत बसेन.